मास्तरांच्या हातचा चहा

रोजगार कार्यालयाच्या खिडकीसमोर उभे राहिल्यावर मास्तरांनी सगळ्यात आधी मागे वळून पाहिलं. ओळखीचं कुणी नाही ना, हे बघायला. खरं तर त्या रांगेत ओळखीचं कुणी निघालं असतं तर तेही बेकारी भत्त्यासाठीच आलेलं असणार, म्हणजे लाजायचं कारण दोघांनाही सारखंच. पण लाजेला एवढी अक्कल असती तर आणखी काय हवं होतं? मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशाला पेन लावलं होतं आणि कागदांची पिशवी अशा थाटात धरली होती की बघणाऱ्याला वाटावं, हे गृहस्थ दुसऱ्या कुणाच्या तरी कामासाठी आलेत.

खिडकीतली मुलगी त्यांच्या लेकीच्या वयाची असेल. तिनं अर्ज उलटून पालटून पाहिला आणि एका जागी बोट ठेवलं.

"काका, हे राहिलंय."

राहिलं नव्हतं, मास्तरांनी मुद्दाम कोरं ठेवलं होतं. 'नोकरी का सुटली?' असा प्रश्न होता आणि पुढे दोन चौकोन. एकासमोर 'कामावरून काढले', दुसऱ्यासमोर 'स्वतःहून सोडली'. घरी जेवणाच्या टेबलावर बसून मास्तरांनी या दोन चौकोनांकडे इतका वेळ पाहिलं होतं की शेवटी अर्ज घडी करून ठेवावा लागला. आता मात्र मागे रांग होती. त्यांनी खिशाचं पेन काढलं आणि दुसऱ्या चौकोनात बरोबरची खूण केली.

"काका, वाचलंत ना नीट?" मुलगी म्हणाली. "इथे खूण केली तर भत्ता मिळत नाही. ज्यांना काढलंय त्यांनाच मिळतो."

"मला कुणी काढलेलं नाही."

"मग अर्ज कशाला करताय?"

तिच्या विचारण्यात खोच नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. मास्तरांनाही कळत नव्हतं, पण ते तोंडावर दाखवतील तर ते मास्तर कसले. कारखान्यात ज्या आवाजात ते माणसांना कामं सांगत त्याच आवाजात म्हणाले, "तुम्ही अर्ज घ्या. पुढचं पुढे बघू." मुलीनं खांदे उडवले आणि शिक्का मारला. मास्तर बाहेर आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. चामड्याच्या बॅगा करणाऱ्या एका कारखान्यात ते कटिंग मास्तर होते. कातडं टेबलावर पसरायचं, त्यातली चिरलेली, डागाळलेली जागा टाळून साचे मांडायचे आणि रापीनं कापायचं, हे त्यांचं काम. कापलेले तुकडे पुढे मशीनवरच्या बायकांकडे जात. कुणी अस्तर लावी, कुणी पट्टे शिवी, कुणी चेन बसवी. अर्धं आयुष्य मास्तरांनी त्या टेबलाशी उभं राहून काढलं. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. कुणी तुकडा वाकडा शिवला की ते ओरडत नसत, नुसता तो तुकडा त्या बाईच्या पुढ्यात परत ठेवत आणि तिथेच उभे राहत. ओरडलेलं परवडलं, असं बायका म्हणायच्या.

त्या कारखान्यात एक रीत होती. लोक कामावरून काढण्याला नारळ देणं म्हणतात. इथे नारळाचाही खर्च नव्हता, चहावर भागायचं. एरवी सगळ्यांचा चहा मोठ्या थर्मासमधून, ज्यानं त्यानं आपापल्या पेल्यात ओतून घ्यायचा. पण एखाद्याला कमी करायचं ठरलं की थोरले मालक आपल्या केबिनमधली पांढरी कपबशी घेऊन स्वतः त्याच्या जागेशी जात आणि चहा पुढे ठेवत. बोलत काहीच नसत. समोरच्यानं तो चहा प्यायचा, कप खाली ठेवायचा आणि म्हणायचं, "साहेब, मीच सांगणार होतो. आता गुडघे साथ देत नाहीत." नाहीतर डोळे म्हणा, नाहीतर घरची अडचण म्हणा. मालकांनी चेहरा पाडून म्हणायचं, "इतक्यात?" मग कागदावर 'स्वखुशीने' असं लिहून सही व्हायची आणि माणूस ताठ मानेनं बाहेर पडायचा. काय घडलं ते सगळ्यांना ठाऊक असे, पण कुणी बोलत नसे. त्या कारखान्यातून आजवर एकाही माणसाला काढलेलं नव्हतं. जो गेला तो स्वतःहून गेला, आणि याचा तिथल्या माणसांना, खुद्द गेलेल्यांनासुद्धा, मोठा अभिमान होता.

थोरले मालक गेले, धाकटे आले. बाहेरून तयार बॅगा आणायच्या आणि त्यावर आपलं लेबल शिवायचं, हे स्वस्त पडतं असं त्यांच्या लक्षात आलं. त्यात त्यांची चूक म्हणावी तर ती सगळ्या बाजाराची चूक. एका सकाळी त्यांनी मास्तरांना केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"मास्तर, पाच जणी कमी कराव्या लागणार. बाबांसारखं मला नाही जमायचं. तुमच्या हातून त्या घेतील."

मास्तरांनी टेबलावरच्या, पांढऱ्या कपबश्या मांडलेल्या ट्रेकडे पाहिलं.

"तुम्ही तर राहालच," धाकटे मालक म्हणाले.

एवढंच. 'तुम्ही तर राहालच.' त्या तीन शब्दांवर मास्तरांनी ट्रे उचलला. नाही म्हणता आलं असतं. निदान "तुम्हीच न्या" एवढं तरी म्हणता आलं असतं. पण चहा वाटणाऱ्याला चहा मिळत नाही, हे मास्तरांच्या मनात त्या क्षणी इतकं पक्कं बसलं की हातापायांत उलट हुशारी आली. दुपारच्या सुट्टीपर्यंत पाच कप पाच जागी गेले. पाचवा कप चेनवालीचा.

चेनवाली हे तिचं नाव नव्हे, काम. बॅगेला चेन बसवावी तर तिनंच. जिभेनं तिखट, हातानं झपाझप. कप बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. मग तिनं विचारलं, "मास्तर, तुम्ही? मालक कुठे आहेत?"

आणि मास्तर बोलून गेले, "मीच म्हटलं, मालकांच्या हातून नको. आपल्या माणसाच्या हातून जाऊ दे."

हे कुठून सुचलं ते त्यांचं त्यांना माहीत. चेनवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं चहा प्यायला, कप खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मास्तर, मीच सांगणार होते." जाताना ती त्यांच्या पाया पडली. मास्तरांनी पाय मागे घेतले नाहीत.

दुपारी मास्तर ट्रे परत द्यायला केबिनमध्ये गेले. धाकटे मालक फोनवर बोलत होते. त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली आणि पाठमोरेच म्हणाले, "मास्तर, थर्मासमध्ये चहा आहे. घ्या." ट्रेवर एक कपबशी उरली होती. मास्तरांनी आधी त्या कपबशीकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच्या हातानं चहा ओतला आणि उभ्याउभ्याच प्यायला. कप खाली ठेवून ते मालकांच्या पाठीला म्हणाले, "साहेब, मीच सांगणार होतो." मालकांनी फोन न ठेवता मान हलवली. 'इतक्यात' एवढंसुद्धा म्हणाले नाहीत.

घरी आल्यावर मास्तरांनी बायकोला सांगितलं, "सोडली नोकरी. तिथे आता आपला मान राहिला नाही."

बायकोनं आधी ऐकून घेतलं, मग मात्र जे तोंड सोडलं ते आजतागायत. मान घालून भाजी फोडणीला टाकता येते का, लेकीच्या सासरी काय सांगायचं, एवढा कसला ताठा. मास्तर मुकाट्यानं ऐकत. ताठ्याबद्दल बोलणी खायला त्यांना बरंच वाटायचं. काढलं म्हणून तिनं एकदा जरी कीव केली असती तर ते त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. बोलत बोलत तिनं शेजारच्या दोन घरची लहान मुलं दिवसभर सांभाळायला घेतली. मुलं मास्तरांच्या पायात घोटाळत, त्यांच्या चष्म्याशी खेळत, आणि मास्तर घरातल्या घरात पाहुण्यासारखे अंग चोरून बसत. भत्त्याचा अर्ज त्यांनी तिच्या नकळतच केला होता.

यथावकाश अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं. कारण: अर्जदाराने नोकरी स्वतःहून सोडली. मास्तरांनी ते दोनदा वाचलं, आणि खोटं कशाला सांगा, त्यांना क्षणभर बरं वाटलं. आता तर सरकारनंच लेखी दिलं होतं की मास्तरांना कुणी काढलेलं नाही. हा आनंद दूधवाल्यानं दारावरची बेल वाजवेपर्यंत टिकला.

पुढच्या आठवड्यात चेनवाली घरी आली. दार बायकोनं उघडलं. चेनवाली दारातूनच बोलत आत आली, ही तिची सवय.

"मास्तर, आम्हा पाचही जणींचे अर्ज फेटाळले. स्वखुशीने सोडली म्हणे. आम्ही वरती अपील केलंय. तिथले एक जण म्हणाले, साक्षीदार आणा, चहाचा अर्थ काय ते सांगणारा. तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

"कसला भत्ता? कसला चहा?" बायकोनं विचारलं.

चेनवालीनं सगळं सांगितलं. कपबशीची रीत, पाच कप, मास्तरांनी कसं आपल्या हातानं आणून दिलं ते. "मालकांच्या हातून नको म्हणाले. आमच्यासाठी एवढं कुणी केलं नसतं, वहिनी. सासूनं मला टोचायला सुरुवात केली तेव्हा मी तिला स्पष्ट सांगितलं, मला काढलं नाहीये, मास्तरांनी स्वतः येऊन निरोप दिला मला."

बायकोनं नवऱ्याकडे नव्यानं पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या नजरेत जरा मऊपणा होता, आणि तोच मास्तरांना सहन होईना. ते मुलाच्या हातातून चष्मा सोडवून घेण्यात गुंतल्यासारखं करू लागले.

"आणि तुम्ही का सोडली?" बायकोनं विचारलं. "या पोरींना काढलं म्हणून?"

बघा, माणसाला बुडायचं असलं की असे हात मिळतात. मास्तर नाही म्हणाले नाहीत. होही म्हणाले नाहीत. "बघतो मी," ते चेनवालीला म्हणाले.

"बघतो काय? मंगळवारी सुनावणी आहे."

"बघतो म्हटलं ना."

बघतो म्हणणाऱ्या मास्तरांनी दुसऱ्या दिवशी कारखाना गाठला. मनात असं की मालकांकडूनच एक पत्र आणावं, सहा जणांना कमी केलं असं, म्हणजे कुणालाच काही बोलायला नको. धाकट्या मालकांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, तब्येत विचारली.

"पण मास्तर, काढलं असं मी कसं लिहून देऊ? मी तुम्हाला जा म्हणालो का कधी?"

"नाही."

"त्या बायकांना म्हणालो?"

"नाही, साहेब."

"मग?" मालक हळू आवाजात म्हणाले. "सुनावणीला तुम्ही जावं असं मला वाटत नाही. कप माझ्या हातून गेलेले नाहीत, मास्तर. तुमच्याच नावाला बट्टा लागायचा."

यात धमकी नव्हती. मालक खरं तेच बोलत होते, म्हणून तर मास्तरांना दरदरून घाम फुटला. बाहेर पडताना त्यांनी आपल्या टेबलाकडे पाहिलं. त्यावर तयार बॅगांचे खोके रचून ठेवले होते.

सोमवारी मास्तरांना ताप आल्यासारखं वाटू लागलं. आल्यासारखंच, कारण थर्मामीटर काही मान्य करेना. लेकीकडे जाऊन यावं असंही त्यांनी सुचवून पाहिलं. बायको म्हणाली, "परवा जा. उद्या त्या बायांचं काम आहे." आणि मंगळवारी मुलांना शेजारी ठेवून ती स्वतःच चप्पल घालून तयार झाली.

"तू कशाला?"

"का? माझा नवरा चारचौघांत चांगलं काहीतरी बोलणार आहे, ते ऐकू नको?"

सुनावणीची खोली म्हणजे रोजगार कार्यालयातलाच एक लांबट हॉल. पुढे टेबल, त्यामागे सुनावणी घेणाऱ्या बाई, बाजूला संगणकावर नोंद घेणारा कारकून. डावीकडच्या बाकांवर पाच जणी बसल्या होत्या, उजवीकडे धाकटे मालक आणि त्यांचा वकील. मागच्या बाकावर पुढच्या सुनावण्यांचे लोक ताटकळत होते. त्यांच्यातच बायको जाऊन बसली. बाईंनी आधी चेनवालीला विचारलं आणि तिनं कपबशीची हकिकत सांगितली. मागून हसण्याचा आवाज आला.

"चहा तर सगळीकडेच देतात," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, एवढं खरं.

"तेच म्हणतोय," वकील म्हणाला. "आता आमच्याकडे चहा मिळतो हाही गुन्हा झाला."

मग मास्तरांना पुढे बोलावलं. टेबलासमोर एक खुर्ची होती. मास्तर बसले नाहीत. जन्मभर उभं राहून काम केलेल्या माणसाला अशा वेळी बसणं सुचत नाही.

"तुम्ही या पाच जणींना चहा नेऊन दिलात?"

"दिला."

"ते तुमचं काम होतं का?"

"नाही. मी कापणी बघतो. बघत होतो."

"त्या चहाचा अर्थ काय?"

"उद्यापासून यायचं नाही, असा."

"कप नेताना हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि तरी नेलेत."

हा प्रश्न नव्हता, पण डावीकडून चेनवाली उठून उभी राहिली. आपल्या मास्तरांना कुणी असं बोललेलं तिला खपेना. "बाई, ते आमच्यासाठीच नेले त्यांनी. मालकांच्या हातून नको, आपल्या माणसाच्या हातून जाऊ दे, असं म्हणाले होते मला. त्यांना नका बोलू."

वकिलाला आयतंच कोलीत मिळालं. तो उठला. "ऐकलंत ना? मास्तरांनी आपणहून नेले. मालकांनी पाठवले नव्हते. कर्मचाऱ्यानं आपल्या मनानं चहा दिला, त्यांनी आपल्या मनानं नोकऱ्या सोडल्या. यात कंपनीनं काढलं कुठे?"

बाईंनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाची बोटं चालू झाली. चेनवाली उभीच होती. आपण काय करून बसलो ते हळूहळू तिच्या चेहऱ्यावर उमटत होतं.

मास्तरांना आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसले असते तर ते पाच जणींच्या दृष्टीनं देवमाणूस राहिले असते, बायकोच्या नजरेतला मऊपणा घरापर्यंत टिकला असता, आणि पाच जणींचा भत्ता कायमचा बुडाला असता. आयुष्यात इतकी सोपी आणि इतकी हलकट गोष्ट कधी त्यांच्या पुढ्यात आली नव्हती. नाही म्हणायला एकदा आली होती, आणि तेव्हा त्यांनी ट्रे उचलला होता.

"ते लिहू नका," मास्तर म्हणाले. "तसं नाही ते."

"मग कसं?"

"ते मी हिच्याशी खोटं बोललो होतो. मालकांनीच पाठवलं. मी आपणहून काही केलं नाही. केबिनमध्ये बोलावून म्हणाले, पाच जणी कमी करायच्या आहेत, तुम्ही कप न्या." मास्तर थांबले. इथेही थांबता आलं असतं. पण बाईंनी विचारलंच.

"आणि तुम्ही हो म्हणालात? का?"

मास्तर काहीतरी पुटपुटले.

"जरा मोठ्यानं," कारकून म्हणाला. "मला ऐकू आलं नाही."

"मला वाटलं, माझी राहील." मास्तरांचा आवाज आता सगळ्या हॉलभर गेला. "मालक म्हणाले होते, तुम्ही तर राहालच. ह्यांचे पाच कप नेऊन दिले की माझी नोकरी राहील, असं मला वाटलं. म्हणून नेले."

कारकुनानं ते जसंच्या तसं टिपलं. बटणांच्या टकटकीशिवाय दुसरा आवाज नव्हता. डावीकडच्या बाकाकडे बघायची मास्तरांची हिंमत झाली नाही आणि मागच्या बाकाकडे तर नाहीच नाही. कान तापून लाल झाले होते. हातांचं काय करावं ते कळेना, तेव्हा त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"मग तुमची का गेली?"

"सहावा कप होता."

"तो कुणी दिला?"

"कुणी नाही," मास्तर म्हणाले. "मी ओतून घेतला."

मागे कुणाला तरी हसू फुटलं, पण ते अर्ध्यातच विरलं. बाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग त्यांनी मालकांना विचारलं, तुम्ही यांना केबिनमध्ये बोलावलं होतं का. मालक वकिलाकडे बघू लागले, आणि ते बघणंच पुरेसं झालं. पाच जणींना कंपनीनं काढलं असं धरून भत्ता द्यावा, असा निकाल बाईंनी तिथल्या तिथे सांगितला. मास्तरांना म्हणाल्या, "तुमचं अपील माझ्यासमोर नाही. खिडकीवर नवा अर्ज करा. या वेळी नीट खूण करा."

बाहेरच्या पायरीवर बायको उभी होती. मास्तर तिच्यापाशी जाऊन थांबले. तिनं काहीतरी खरपूस बोलावं म्हणून त्यांनी वाट पाहिली, पण तिच्या तोंडाचा पट्टा आज चालत नव्हता.

"हे मला घरी सांगता आलं नसतं?" ती शेवटी म्हणाली.

"नसतं."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं की तिनं नुसतंच ऐकून घेतलं, हे मास्तरांना कळलं नाही. विचारायची त्यांना लाज वाटली.

पाच जणी बाहेर आल्या. चौघी कडेकडेनं फाटकाकडे गेल्या. एकीनं नमस्कारासाठी हात अर्धवट उचलला आणि पदर सारखा केल्यासारखं करून खाली घेतला. चेनवाली मात्र सरळ मास्तरांसमोर येऊन उभी राहिली. मास्तरांना वाटलं, आता ही बोलेल, आणि बोलावंच तिनं. तिच्या तिखट जिभेचं माप त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"भत्ता मिळेल आता आम्हाला," ती म्हणाली. "तुम्ही बोललात म्हणून मिळेल. ते मी विसरायची नाही."

"हं."

"पण मास्तर, घरी सांगायला माझ्याकडे तेवढंच होतं. सासूला सांगितलं होतं, शेजारणींना सांगितलं होतं. मला काढलं नाही, मला मास्तरांनी निरोप दिला. आता मी घरी जाऊन काय सांगू?"

ती टोमणा मारत नव्हती. कारखान्यात एखादा तुकडा कुठे जोडायचा ते विचारावं, तशी विचारत होती. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. बायको शेजारीच होती, खिडकीची रांग समोर होती, त्यातले दोघेतिघे कान देऊन ऐकत होते.

"काढलं म्हणून सांग," मास्तर म्हणाले. "मास्तरांनी काढलं म्हणून सांग."

चेनवालीनं खांद्यावरची पिशवी सारखी केली. मग "बरं," म्हणाली आणि फाटकाशी थांबलेल्या चौघींकडे निघून गेली. मास्तरांनी खिशाचं पेन काढलं आणि बायकोला मागे घेऊन ते रांगेत उभे राहिले.